ग्रंथालयीन वाचनसाहित्याचे उपयुक्त आयुष्य : मापनाच्या पद्धती व महाविद्यालयीन ग्रंथालयांतील त्यांचे उपयोजन

प्रास्ताविक

महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, किंमत, देयक क्रमांक अशा नोंदींसाठी स्वतंत्र स्तंभ असतात आणि अखेरीस ‘शेरा’ हा एक अरुंद स्तंभ असतो. ग्रंथ केव्हा व किती किमतीला आला, हे या नोंदवहीवरून काटेकोरपणे सांगता येते. तो किती काळ उपयोगी पडला, हे मात्र तिच्यात कोठेही नोंदलेले नसते. ग्रंथ हरवला, त्याला वाळवी लागली किंवा तो निर्लेखित झाला तरच ‘शेरा’ या स्तंभात काही लिहिले जाते. एरव्ही दाखल झालेला प्रत्येक ग्रंथ कागदोपत्री चिरंजीव असतो.

वस्तुस्थिती तशी नसते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि अप्रत्यक्ष करांवरील क्रमिक पुस्तकांचा मोठा भाग एका दिवसात अध्यापनाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. परंतु त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्यामुळे तिच्यावरील भाष्यग्रंथांचे आयुष्य संपले, असे म्हणता येत नाही. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती तर १८५७ सालची आहे, आणि जुन्या मराठी शब्दांच्या अर्थाचा शोध घेणारा अभ्यासक आजही तो उघडतो. हे तिन्ही प्रकारचे ग्रंथ एकाच ग्रंथालयात शेजारशेजारच्या मांडण्यांवर असतात. त्यांच्या उपयुक्ततेचा काळ मोजता येतो काय, आणि येत असल्यास त्या मापनावर निर्लेखनाचा निर्णय कितपत सोपवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अर्धायुष्याची संकल्पना

या विषयाचा आरंभ महाविद्यालयीन ग्रंथालयातूनच झाला, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १९२७ साली ग्रॉस व ग्रॉस यांनी अमेरिकेतील ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. रसायनशास्त्र शिकविणाऱ्या लहान महाविद्यालयाने मर्यादित पैशांत कोणती नियतकालिके घ्यावीत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकातील १९२६ या एका वर्षाचे संदर्भोल्लेख मोजले. कोणते नियतकालिक किती वेळा उल्लेखिले गेले याबरोबरच उल्लेखिलेले अंक किती जुने आहेत, हेही त्यांनी पाहिले. पुढे १९४४ साली चार्ल्स गॉसनेल यांनी महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी तयार केलेल्या प्रमाण ग्रंथयाद्या तपासून ग्रंथांच्या कालबाह्यतेचा गणिती विचार मांडला.

‘अर्धायुष्य’ ही संज्ञा रूढ झाली ती बर्टन व केब्लर यांच्या १९६० सालच्या लेखामुळे. किरणोत्सर्गी पदार्थाचे निम्मे अणू क्षय पावण्यास जो काळ लागतो, त्याला भौतिकशास्त्रात अर्धायुष्य म्हणतात. साहित्याच्या बाबतीत त्याचा अर्थ असा घेतला गेला : सध्या वापरात असलेल्या साहित्यापैकी निम्मे साहित्य ज्या अलीकडच्या कालखंडात प्रसिद्ध झाले, तो कालखंड म्हणजे त्या विषयाचे अर्धायुष्य. पद्धत साधी आहे. चालू वर्षातील लेखांमधील सर्व संदर्भ एकत्र करावेत, प्रकाशन वर्षानुसार नव्याकडून जुन्याकडे मांडावेत आणि मोजत मोजत मागे जावे. निम्मे संदर्भ ज्या वर्षापाशी पूर्ण होतात तेथे थांबावे. बर्टन व केब्लर यांना धातू अभियांत्रिकीसाठी ३.९ वर्षे, भौतिकशास्त्रासाठी ४.६, रसायन अभियांत्रिकीसाठी ४.८, यंत्र अभियांत्रिकीसाठी ५.२, शरीरक्रियाशास्त्रासाठी ७.२, रसायनशास्त्रासाठी ८.१, वनस्पतिशास्त्रासाठी १०.०, गणितासाठी १०.५ आणि भूगर्भशास्त्रासाठी ११.८ वर्षे असे आकडे मिळाले.

हे आकडे ग्रंथालयशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून इतके वारंवार उद्धृत झाले आहेत, की त्यांचा नेमका अर्थ झिजून गेला आहे. भौतिकशास्त्राचे अर्धायुष्य ४.६ वर्षे याचा अर्थ पाच वर्षांनी त्या विषयातील लेख निरुपयोगी होतात, असा नाही. निम्मे उल्लेख त्याहून जुन्या साहित्याचे आहेत, हेही तोच आकडा सांगतो. साहित्य अणूंप्रमाणे नष्ट होत नाही, ते केवळ वापरातून मागे पडते, याची जाणीव खुद्द बर्टन व केब्लर यांना होती. एवढेच नव्हे, तर प्रत्येक विषयाचे साहित्य हे किमान दोन प्रकारच्या साहित्याचे मिश्रण असावे, अशी शक्यता त्यांनी मांडली : एक लवकर मागे पडणारे आणि दुसरे अभिजात, दीर्घकाळ टिकणारे. सरासरी आकड्यात हे दोन्ही प्रकार मिसळून जातात. महाविद्यालयांच्या दृष्टीने या लेखातील सर्वांत मोलाचे सूचन हेच होते, आणि आकड्यांच्या तक्त्याला जी प्रसिद्धी लाभली ती त्याला लाभली नाही.

भासमान व वास्तव कालबाह्यता

१९७० साली ब्रिटिश ग्रंथालयतज्ज्ञ मॉरिस लाइन यांनी या मापनातील एक मूलभूत उणीव दाखवून दिली. नव्या साहित्याचे उल्लेख अधिक आढळतात याचे एक कारण जुने साहित्य निरुपयोगी झाले हे असू शकते. पण दुसरे कारण असे, की नवे साहित्य मुळात संख्येनेच अधिक असते. समजा, एखाद्या विषयातील साहित्य दर १० वर्षांनी दुप्पट होते आणि अभ्यासक जुन्यानव्याचा कोणताही भेद न करता त्यातून संदर्भ घेतात. आजवरच्या एकूण साहित्यापैकी निम्मे गेल्या १० वर्षांतील असल्यामुळे निम्मे उल्लेखही त्याच काळातील येतील. अर्धायुष्य १० वर्षे मिळेल, आणि प्रत्यक्षात एकही लेख कालबाह्य झालेला नसेल.

म्हणून मोजून मिळालेल्या अर्धायुष्याला ‘भासमान’ म्हणावे व त्यातून साहित्यवाढीचा परिणाम वजा करून ‘वास्तव’ अर्धायुष्य काढावे, असे लाइन यांचे प्रतिपादन होते. वाढ व ऱ्हास दोन्ही घातांकी गतीने होतात असे गृहीत धरल्यास आकडेमोड सोपी आहे : भासमान अर्धायुष्याच्या व्यस्तांकातून साहित्य दुप्पट होण्याच्या काळाचा व्यस्तांक वजा केला, की वास्तव अर्धायुष्याचा व्यस्तांक मिळतो. भासमान अर्धायुष्य ६ वर्षे व साहित्य दुप्पट होण्याचा काळ १५ वर्षे असेल, तर १/६ वजा १/१५ म्हणजे १/१०. अर्थात वास्तव अर्धायुष्य १० वर्षे. सहा आणि दहा यांतील फरक किरकोळ नाही. सहा वर्षांच्या आकड्यावर विसंबून नियतकालिकांचे जुने बांधीव खंड रद्दीत काढणाऱ्या ग्रंथालयाने, या गणितानुसार, पुरेसे उपयोगी असलेले साहित्य गमावलेले असते.

जुने साहित्य उत्तरोत्तर अधिक वेगाने मागे पडत आहे, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. लारिव्हिएर, आर्शाम्बो व गँग्रा यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या, १९०० ते २००४ या कालखंडाच्या अभ्यासात १९६० च्या दशकाच्या मध्यापासून उल्लेखिल्या जाणाऱ्या साहित्याचे मध्यक वय वाढत गेल्याचे आढळले. गूगल स्कॉलरच्या संशोधकांनी २०१४ साली केलेल्या पाहणीत २०१३ मधील उल्लेखांपैकी ३६ टक्के उल्लेख किमान १० वर्षे जुन्या लेखांचे होते. जुने साहित्य शोधणे सोपे झाले की ते वापरलेही जाते, असा याचा एक अर्थ लावता येतो. न वापरलेले आणि न सापडलेले यांत त्यामुळे फरक करावा लागतो.

मराठी माध्यमाच्या महाविद्यालयासाठी आणखी एक अडचण आहे. ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये नियतकालिकागणिक अर्धायुष्य दिलेले असते, परंतु तो व्याप मुख्यतः इंग्रजीतील संशोधनपत्रिकांचा आहे. मराठी समीक्षा, ग्रामीण अर्थकारण किंवा स्थानिक इतिहास यांवरील मराठी लेखनासाठी असा तयार आकडा उपलब्ध नाही. तो आपापल्या ग्रंथालयातच शोधावा लागतो.

देवघेवीच्या नोंदींवरून मापन

ग्रंथाच्या शेवटच्या पानावर चिकटविलेली तारीख पट्टी हे त्यासाठीचे सर्वांत स्वस्त साधन होय. संगणकीकरण झालेल्या ग्रंथालयांत तिची जागा देवघेव प्रणालीतील नोंदींनी घेतली आहे. परंतु संगणकीकरणापूर्वीचा इतिहास अद्याप पट्टीवरच असतो. त्यामुळे जुनी पट्टी फाडून नवी चिकटविण्याची पद्धत शक्य तेथे टाळावी.

फस्लर व सायमन यांनी शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात केलेल्या अभ्यासातून ग्रंथाचा पूर्वीचा वापर हा त्याच्या भावी वापराचा सर्वांत भरवशाचा निदर्शक असल्याचे पुढे आले. रिचर्ड ट्रूस्वेल यांनी १९६९ साली मांडलेला ८०-२० चा नियम सर्वश्रुत आहे : सुमारे ८० टक्के देवघेव सुमारे २० टक्के ग्रंथांची होते. स्टॅन्ली स्लोट यांनी याच विचाराला व्यवहार्य रूप दिले. त्यांच्या पद्धतीचा गाभा म्हणजे ‘मांडणीकाल’, अर्थात दोन वापरांच्या मध्ये ग्रंथ मांडणीवर पडून राहण्याचा काळ. आज देवघेवीस आलेल्या प्रत्येक ग्रंथाची मागील देवघेव केव्हा झाली होती, एवढेच नोंदवायचे असते.

काल्पनिक आकड्यांनी हे स्पष्ट करता येईल. समजा, एका सत्रात ४०० ग्रंथांची नोंद घेतली. त्यांपैकी २८० ग्रंथांची मागील देवघेव एका वर्षाच्या आतली, ६८ ग्रंथांची एक ते तीन वर्षांपूर्वीची, ३२ ग्रंथांची तीन ते सहा वर्षांपूर्वीची, १२ ग्रंथांची सहा ते दहा वर्षांपूर्वीची आणि ८ ग्रंथांची त्याहूनही जुनी आहे. म्हणजे सहा वर्षांच्या आत किमान एकदा बाहेर गेलेले ग्रंथ ठेवले तर चालू मागणीपैकी ९५ टक्के भागते. दहा वर्षांची मर्यादा ठेवल्यास ९८ टक्के. स्लोट यांच्या पद्धतीत अशी मर्यादा साधारणतः ९५ ते ९९ टक्के मागणी भागेल अशा बेताने ठरविली जाते.

येथवर गणित निर्विवाद आहे. पुढचा प्रश्न गणिताचा नाही. सहा वर्षांच्या मर्यादेने जे २० ग्रंथ हुकले असते, ते कोणी नेले? ते जर पदवीच्या विद्यार्थ्याने चुकून नेलेली जुन्या आवृत्तीची क्रमिक पुस्तके असतील तर ते हुकल्याचे दुःख नाही. ते पीएच.डी. करणाऱ्या अध्यापकाने नेलेले स्थानिक इतिहासाचे ग्रंथ असतील तर मात्र पाच टक्क्यांचा हा तोटा आकड्यापेक्षा मोठा ठरतो. शिवाय ४०० ग्रंथांत वाणिज्य व संगणकाच्या क्रमिक पुस्तकांचे प्राबल्य असणारच. त्यांच्या वेगवान देवघेवीवरून काढलेली मर्यादा मराठी, इतिहास किंवा तत्त्वज्ञान या विभागांना लावणे म्हणजे नाडीचे ठोके एकाचे मोजून औषध दुसऱ्याला देण्यासारखे आहे. मांडणीकाल वर्गांकानुसार स्वतंत्रपणेच काढला पाहिजे.

जोसेफ सीगल यांनी १९७६ साली टेक्सासमध्ये लहान ग्रंथालयांसाठी तयार केलेल्या पद्धतीत ही काळजी घेतलेली आहे. तिच्यात प्रत्येक विषयवर्गासाठी प्रकाशनाला झालेली वर्षे आणि शेवटच्या देवघेवीला झालेली वर्षे असे दोन वेगळे आकडे दिले जातात, व त्यांच्या जोडीला मजकूर दिशाभूल करणारा आहे काय, ग्रंथ जीर्ण आहे काय, नवी आवृत्ती आली आहे काय, तो अन्यत्र सहज मिळतो काय, अशा कसोट्या लावल्या जातात. संगणकावरील ग्रंथांसाठी वयाची मर्यादा अवघी तीन वर्षे आहे.

देवघेवीच्या नोंदी जे सांगत नाहीत

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९६९ मध्ये घेतलेल्या ग्रंथांपैकी ३९.८ टक्के ग्रंथ १९७५ अखेरपर्यंत एकदाही देवघेवीस गेले नसल्याचे दिसून आले, आणि त्यावरून मोठा वाद झाला. आपल्याकडील महाविद्यालयांत अशी पाहणी करताना अधिक सावध राहावे लागेल. कारण येथील नोंदींत काही विकृती हमखास असतात.

अनेक ग्रंथालयांत ग्रंथ कुलूपबंद कपाटांत असतात. जो ग्रंथ विद्यार्थ्याला दिसत नाही तो तो मागणार नाही, आणि न मागितल्यामुळे तो निरुपयोगी ठरेल. संदर्भग्रंथ बाहेर दिले जात नाहीत; त्यामुळे केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड देवघेवीच्या नोंदींनुसार सर्वस्वी अनुपयुक्त ठरतात. अभ्यासिकेत टेबलावर उरलेले ग्रंथ संध्याकाळी मांडणीवर परत ठेवण्यापूर्वी आठवड्यातून एक दिवस जरी मोजले, तरी हा दोष बराचसा दूर होतो. याच्या उलट प्रकारही आहे. अध्यापकांच्या नावावर वर्षानुवर्षे असलेले ग्रंथ नोंदीनुसार सतत ‘वापरात’ असतात. विभागाच्या कपाटात त्यांच्यावर साचलेली धूळ प्रणालीला दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचा फरक मात्र वापराच्या आलेखाच्या आकाराचा आहे. अर्धायुष्याच्या कल्पनेत वापर हळूहळू, वक्ररेषेने उतरत जातो. महाविद्यालयात तो पायरीसारखा तुटतो. एखादी कादंबरी कला शाखेच्या अभ्यासक्रमात नेमली की तिच्या दहा प्रती वर्षभर हातोहात जातात. अभ्यासमंडळाने अभ्यासक्रम बदलला की पुढच्याच जूनपासून त्या मांडणीवर उभ्या राहतात. कादंबरीचे वाङ्मयीन मूल्य त्या उन्हाळ्यात बदललेले नसते. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयात मांडणीकाल काढताना ग्रंथ अभ्यासक्रमात होता ती वर्षे वेगळी काढून, उरलेल्या वर्षांतील वापर स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे. अभ्यासक्रमाबाहेर गेल्यावरही वर्षातून एकदोन वेळा जो ग्रंथ कोणी तरी नेते, तो बर्टन व केब्लर यांच्या भाषेत अभिजात प्रकारातला असण्याची शक्यता मोठी. आणि दहांपैकी आठ प्रती कमी करून दोन ठेवाव्यात, हा निर्णय तेथे निःशंकपणे घेता येतो.

दीर्घकाळ निद्रिस्त असलेले ग्रंथ

काही ग्रंथ कोणत्याही मापनाला चकवतात. ग्रेगोर मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ साली छापला गेला व १९०० सालापर्यंत जवळजवळ दुर्लक्षित राहिला. अशा लेखनाला व्हॅन रान यांनी २००४ साली ‘निद्रिस्त सुंदरी’ असे नाव दिले.

मराठीत याचे उदाहरण शोधण्यास लांब जावे लागत नाही. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. म. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्याची दखल घेतली. त्यानंतर प्रदीर्घ काळ या पुस्तकाचा वाचकांना जवळपास विसरच पडला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. १९९४ साली रोझालिंड ओ’हॅन्लन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि आज स्त्री-अभ्यासाच्या चर्चेत या निबंधाला टाळून पुढे जाता येत नाही. १९७० साली एखाद्या ग्रंथालयाने या पुस्तकाचा मांडणीकाल मोजला असता, तर त्याला रद्दीत काढण्याविरुद्ध एकही आकडा पुढे करता आला नसता. पुस्तकाची प्रत कोठे तरी टिकली म्हणूनच पुनर्मुद्रण शक्य झाले.

प्रत्येक जुने पुस्तक ताराबाई शिंदे यांचे नसते, हेही तितकेच खरे. या उदाहरणाचा आधार घेऊन काहीच न काढण्याचे समर्थन करणे सोपे आहे, आणि ते केले जातेही. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाला वर्धिष्णू जीव म्हटले, तेव्हा बालकाची वाढ व प्रौढाची वाढ यांत त्यांनी भेद केला होता. प्रौढ शरीर आकाराने वाढत नाही, जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. अनुदान आटलेल्या आणि जागा संपलेल्या महाविद्यालयाला हीच दुसरी वाढ शक्य असते.

निर्लेखनाचा निर्णय

आपल्याकडे निर्लेखन होत नाही त्याचे कारण बहुधा मापनाचा अभाव हे नसून जबाबदारीची भीती हे असते. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम २१५ नुसार वर्षभरात देवघेव व वाचन झालेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसल्यास, वाजवी समजली जाते. ही तरतूद हरवलेल्या ग्रंथांची आहे, कालबाह्य ग्रंथांची नव्हे. पण व्यवहारात दोन्हींची सरमिसळ होते आणि मांडणीवर प्रत्यक्ष उभा असलेला ग्रंथ स्वतःहून कमी करण्यास ग्रंथपाल धजत नाही. मांडणीकालाच्या नोंदी, वर्गांकानुसार ठरविलेली मर्यादा आणि त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेल्या ग्रंथांची यादी ग्रंथालय समितीपुढे आली, तर निर्णय एका व्यक्तीचा राहत नाही. ही यादी संबंधित विभागाकडे पंधरा दिवस पाठविणे व ठेवावयाच्या ग्रंथांपुढे अध्यापकाने कारण लिहून स्वाक्षरी करणे, हा तिचा अत्यावश्यक भाग समजावा. यादी न वाचताच ‘सर्व ठेवावे’ असा शेरा मारून परत करणारा विभाग आपल्या विषयाची सेवा करीत नाही.

मराठी ग्रंथांसाठी आणखी एक पायरी असावी. वाणिज्याचे जुने क्रमिक पुस्तक काढताना त्याची प्रत अन्यत्र आहे की नाही, हे पाहण्याची गरज नसते. मराठी ग्रंथाच्या बाबतीत ती असते. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक आहे, परंतु लहान गावांतील व स्वखर्चाने छापलेली पुस्तके तेथे पोहोचली असतीलच, असे गृहीत धरता येत नाही. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’त १९५० पर्यंतची पुस्तके नोंदलेली आहेत, इन्फ्लिबनेटच्या संघसूचीत सहभागी ग्रंथालयांचा साठा पाहता येतो. दोन्हींत शोधूनही जे पुस्तक सापडत नाही, ते मर्यादेच्या कितीही पलीकडे गेलेले असले तरी यादीतून वगळावे, त्याच्या पानांची प्रतिमा घ्यावी आणि मूळ प्रत कोरड्या जागी वेगळी ठेवावी. एका तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांनी मिळून अशा ग्रंथांसाठी एक खोली राखून ठेवली तरी पुरेसे आहे. तेथे वर्षभरात एकच अभ्यासक आला, तरी त्या खोलीच्या नोंदवहीत त्याच्या भेटीची तारीख आणि पाहिलेल्या ग्रंथाचा दाखल क्रमांक लिहून ठेवावा.